मास्तरची माणसं आकडे म्हणायची

ऑगस्ट संपत आला की आमच्या गल्लीला टोमॅटोचा वास येऊ लागतो. हॅमिल्टनच्या ह्या भागात अजून दहा-बारा इटालियन घरं टिकून आहेत. ह्या दिवसांत त्यांच्या गॅरेजमधल्या गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहतात आणि आत मोठमोठी पातेली, गॅसच्या शेगड्या आणि काचेच्या बरण्या मांडल्या जातात. वर्षभराचा सॉस दोन-तीन दिवसांत करून ठेवायचा. शेजारची कार्मेला ऐंशी ओलांडून गेली, गुडघे दोन्ही बदललेले, तरी तिची खोकी काही कमी होत नाहीत. परवा सकाळी मीही तिच्याकडे बसून टोमॅटोचे देठ काढले. दरवर्षी काढते. हात आपोआप चालत होते आणि मला एकच वाटत होतं, हे लवकर संपावं आणि घरी जाऊन पडावं. हल्ली मला चांगल्या गोष्टींचाही थकवा येतो.

तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी माझ्या नवऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातलं. तो ते बोलला नव्हता. त्या वाक्यानंतर अरविंद इथून वीस मिनिटांवर असलेल्या एका केअर होममध्ये राहायला गेला आणि मी ह्या घरात राहिले. आमच्या मुलीला, इथल्या मराठी मंडळातल्या मित्रमैत्रिणींना, सगळ्यांना वाटतं की तो आपणहून तयार झाला. खरं काय ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. आता सांगायला बसले आहे तर आधी एका इटालियन चित्रपट दिग्दर्शकाबद्दल सांगावं लागेल. त्याला इलाज नाही. आमच्या संसारात तो पहिल्यापासून आहे.

अरविंदला तो पुण्यात भेटला, म्हणजे पडद्यावर. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, फिल्म सोसायटीचा खेळ, बसायला घडीच्या लोखंडी खुर्च्या. एका विधवेची गोष्ट होती. नवरा बुडून मेलेल्या नदीवरच ती होडी चालवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला पलीकडे सोडते. अरविंद बाहेर पडला तो खुळा होऊनच. इटलीत त्या दिग्दर्शकाला सगळे माएस्त्रो म्हणत. अरविंदने त्याचं मास्तर करून टाकलं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो मला मास्तरच्या गोष्टी सांगू लागला. मला वाटलं, शाळेतले कोणी जुने शिक्षक असतील, जाऊन पाया पडावं लागेल.

पुढे आम्ही कॅनडात आलो. अरविंद पोलादाच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. इथे आल्यावर माझ्या ‘अहो’चं ‘अरे’ झालं, कारण कारखान्यातून फोन करणारा प्रत्येक जण त्याला नावानेच हाक मारायचा आणि घरात मी एकटीच आदराने बोलत बसलेय, हे मला विचित्र वाटायला लागलं. सासूबाई दोन वर्षांनी आल्या तेव्हा त्यांनी ते ऐकलं आणि नजर न उचलता पोळी पुढे ओढली. पण अरविंदला आवडलं. मास्तरची बायकोही मास्तरला चारचौघांत नावाने हाक मारायची, असं त्याने मला समाधानाने सांगितलं. कुठल्याही गोष्टीला त्याच्याकडे मास्तरचा दाखला असायचाच.

त्याने मास्तरचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं त्याला आता तीस वर्षं होतील. बेसमेंटमध्ये एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला लागून खोकी. मास्तरचा जन्म पो नदीकाठच्या भातशेतीच्या मुलखातला. बाप सायकली दुरुस्त करायचा, आई वाफ्यांत गुडघाभर पाण्यात उभी राहून निंदणी करायची. हे वाचलं त्या दिवशी अरविंद जिना चढून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, अगं, हा तर आपल्याकडचाच निघाला. त्याचं आजोळ मावळातलं, भाताचं. एखादा हरवलेला चुलतभाऊ सापडावा तसा तो दिवसभर खुशीत होता.

एकोणिसाव्या वर्षी मास्तर बापाच्या दुकानातली सायकल घेऊन रोमला निघाला. वाटेत त्याने ती दोनदा विकली आणि दोनदा परत मिळवली, अशी एक दंतकथा आहे. तिच्यावर अरविंदने चार पानं खर्च केली आहेत. रोममध्ये आधी एका लॅबमध्ये फिल्म धुण्याचं काम, मग संकलकाच्या हाताखाली. पहिला चित्रपट उरल्यासुरल्या फिल्मच्या तुकड्यांवर काढला. तो कोणी पाहिला नाही. दुसराही नाही. तिसरा त्या होडीवालीचा, आणि त्याने मास्तर जगभर पोचला. मग दहा-बारा वर्षं नुसती बक्षिसं, हॅट घातलेले फोटो, मोटारी, मुलाखती. मग एक अवाढव्य चित्रपट, एका सम्राटाच्या आचाऱ्यावरचा. त्यात निर्माता बुडाला आणि मास्तरकडे येणारी माणसं दुसऱ्या दारांत जाऊ लागली. म्हातारपणी त्याने टीव्हीसाठी मॅकरोनीच्या जाहिराती केल्या. त्या जाहिरातीही अरविंदने कुठून कुठून मिळवल्या होत्या आणि पाहताना तो अगदी गंभीर असायचा.

आता आकड्यांचं. त्या काळी इटलीत शूटिंग चालू असताना आवाज घेतच नसत. कॅमेऱ्यामागे लोक खुशाल गप्पा मारत, दिग्दर्शक ओरडून सूचना देई, आणि सगळे आवाज नंतर स्टुडिओत भरले जात. मास्तरला नट आवडत नसत. तो मासळीवाल्याला घेई, पोस्टमनला घेई, स्टेशनात झोपलेल्या म्हाताऱ्याला घेई. त्यांना संवाद कसे पाठ व्हायचे? मग तो त्यांना आकडे म्हणायला लावी. रडायचं असेल तर एक ते दहा. प्रेमात पडायचं असेल तर दहाच्या पुढे. तोंड हललं पाहिजे आणि चेहरा खरा पाहिजे, बाकीचं नंतर बघू, असं त्याचं म्हणणं. महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी दुसरं माणूस अंधाऱ्या खोलीत बसून त्या हलणाऱ्या ओठांवर शब्द चढवी. आपण थिएटरात हुंदका देतो तो त्या दुसऱ्या माणसाच्या आवाजावर.

हे अरविंदने पुस्तकांत वाचलं होतं, पण त्याला खात्री पटवून दिली ती कार्मेलाने. ती तरुणपणी इथल्या कापडगिरणीत होती. मागांच्या आवाजात एकमेकींचं काही ऐकू यायचं नाही म्हणून तिथल्या बायका ओठ वाचायला शिकल्या होत्या. एका सप्टेंबरात, सॉसचं काम आटोपल्यावर, ती आमच्या बेसमेंटमध्ये होडीवालीचा चित्रपट बघायला बसली. व्हिडिओ कॅसेटचा आवाज खराब होता म्हणून अरविंदने तो पार बंद केला. पडद्यावर ती विधवा नदीकडे पाहून काहीतरी बोलत होती आणि माझे डोळे भरून आले होते. कार्मेला पुढे वाकली, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाली, “शी इज काउंटिंग. क्वात्रो, चिंक्वे, सेइ.” अरविंद खुर्चीतून उठून नाचलाच. मला मात्र कोणीतरी फसवल्यासारखं वाटलं. मी इतकी वर्षं कशावर रडत होते?

मास्तरच्या बायकोला आम्ही भेटलो आहोत. अरविंद रिटायर झाला त्या वर्षी आम्ही रोमला गेलो, तेव्हा मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि त्या बाई एका लहानशा फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. मास्तरच्या सगळ्या चित्रपटांतल्या सगळ्या बायकांचे आवाज त्यांचे. लहान मुलीचा, नवरीचा, होडीवालीचा, मरणाऱ्या आजीचा. चेहरा मात्र एकाही चित्रपटात नाही. अरविंद दोन तास त्यांना मास्तरबद्दल विचारत राहिला. मास्तरला अमुक दृश्यात काय म्हणायचं होतं, तमुक चित्रपट त्याने का सोडला. बाई न थकता त्याच्या वतीने उत्तरं देत होत्या.

मी कॉफीचे कप विसळायला त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि मला सुचला तो एकच प्रश्न विचारला. त्या ओठांवर कोणते शब्द घालायचे, हे मास्तर तुम्हाला सांगायचा का? त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण कळलं. कधी कधी सांगायचा, त्या म्हणाल्या. बहुतेक वेळा नाही. मी तोंडाकडे बघायचे, जे बसेल ते घालायचे. मग तो ऐकायचा आणि म्हणायचा, हेच मला हवं होतं. पुसलेला कप त्यांनी उपडा ठेवला. खरंच तेच हवं होतं का, ते मी कधी विचारलं नाही, असं म्हणाल्या. मी ते अरविंदला हॉटेलवर जाताना सांगितलं. तो ‘वा’ म्हणाला आणि वहीत काही टिपून घेतलं. हस्तलिखितात त्या बाईंवर दीड ओळ आहे. मी शोधून पाहिलं.

साडेतीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून तो आत आला, बूट काढायला वाकला आणि तिथेच राहिला. स्ट्रोक. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दोन महिने हॉस्पिटल, मग रिहॅब, मग घर. वाचा सगळी गेली नव्हती. त्याला आकडे येत होते. मराठीतले, एक ते दहा. स्पीच थेरपिस्टने समजावलं की असं पुष्कळांचं होतं. लहानपणी घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, तेवढं वाचतं. मी मान हलवली. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मला हसू फुटलं आणि मग ते थांबवताच येईना. इतकी वर्षं ज्यावर लिहीत होता ते शेवटी त्याच्याच तोंडात येऊन बसलं होतं.

आकड्यांत तो सगळं बोलायचा. चहा गार असला की “चार, पाच” असं तोडून. मुलीचा फोन आला की “एक, दोन, तीन” असं वर चढत जाणारं, लाडाचं. राग आला की थेट “नऊ”. मी त्यावर शब्द चढवायला शिकले. पाहुणे आले की तो आकडे म्हणायचा आणि मी लगेच सांगायचे, तो म्हणतोय, तुमच्या नातवाचं काय चाललंय; तो म्हणतोय, बसा अजून थोडं. लोक थक्क व्हायचे. वहिनी, तुम्हाला बरोब्बर कळतं हो, म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. बेचाळीस वर्षं त्याच्या वाक्यांची वाट बघण्यात गेली होती, आता वाक्यं माझ्या हातात होती. कधी कधी तो मी सांगितलेलं ऐकून मान हलवायचा. कधी कधी नुसताच बघत राहायचा. बघत राहायचा त्याकडे मी कानाडोळा करायचे.

आणि मी दमत चालले होते. हे कोणाला सांगून कळत नाही. पडलेल्या माणसाला कुशीवर वळवणं, कॉमोडवर बसवणं, उठवणं, भरवणं, तोंड पुसणं, औषधं, पुन्हा कुशीवर वळवणं. सरकारकडून मदतीला बाई यायची ती सकाळचा एक तास, तीही दर आठवड्याला वेगळी. मुलगी मार्कहॅमहून शनिवारी यायची, ग्रोसरी भरायची, लॅपटॉप उघडून बसायची, रविवारी जायची. तिलाही तिचं घर आहे, दोन मुलं आहेत. तिला बोल लावायची माझी तयारी नाही. त्या उन्हाळ्यात मी एकदा भाजी चिरताना उभ्याउभ्या झोपले. जाग आली ती सुरी खाली पडली म्हणून.

सप्टेंबर उजाडला, गल्लीभर टोमॅटोचा वास सुटला. एका दुपारी वॉशरूममध्ये त्याला उठवताना माझा पाय सरकला आणि आम्ही दोघंही खाली आलो. तो माझ्या पायांवर, मी टबाला टेकलेली. फोन स्वयंपाकघरात. लागलं फारसं नव्हतं, पण हलताच येत नव्हतं. तो आकडे म्हणत होता, हळूहळू, एकामागून एक, आणि त्या वेळी पहिल्यांदा मी त्यांचा काही अर्थ लावला नाही. मला ऐकायचंच नव्हतं. दोनेक तासांनी कार्मेला सॉसच्या बरण्या घेऊन मागच्या दाराने आली तेव्हा आम्ही सुटलो. तिने त्याला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की हे असंच चाललं तर ती एक दिवस दोघांना उचलायला येईल आणि त्यातलं एकच उठेल. दुसऱ्या दिवशी मुलीने फोन करून केअर होमसाठी अप्लाय करून टाकलं.

त्या अर्जासाठी सरकारकडून कोऑर्डिनेटर घरी आली. तिशीची असेल, मऊ बोलणारी, बूट दारात काढणारी. तिने आधी मला विचारायचे ते प्रश्न विचारले, मग खुर्ची वळवून अरविंदच्या समोर बसली. त्याला थेट विचारायचा तिचा आग्रह होता. प्लीज आस्क हिम इन युअर लँग्वेज, ती म्हणाली, अँड टेल मी एक्झॅक्टली व्हॉट ही सेज.

मी विचारलं, “अरविंद, तू केअर होममध्ये राहायला जाशील का?” 

तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कार्मेलाच्या गॅरेजमधून वाफ येत होती. “एक,” तो म्हणाला. मग “दोन. तीन. चार,” अगदी सपाट आवाजात, आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आजही डोळे मिटले की बघू शकते, आणि आजही मला ते वाचता येत नाही. पण त्या दिवशी मी एक क्षणसुद्धा थांबले नाही.

“ही सेज येस,” मी म्हटलं. आणि तेवढ्यावर राहिले नाही. “ही सेज, इफ इट मेक्स इट ईझिअर फॉर माय वाइफ, आय विल गो.”

त्या मुलीचे डोळे पाणावले. तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. गंमत म्हणजे तिला माझी सही पुरली असती. संमती देण्याच्या स्थितीत तो नाही असं लिहून मी एकटीने निर्णय घेतला असता तर कायद्याला काही हरकत नव्हती. मला दोष द्यायला कोणी येणारही नव्हतं. पण मला तो निर्णय माझा नको होता. मला तो त्याचा हवा होता, वर प्रेमळसुद्धा हवा होता. एक माणूस, ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडून मी माझ्यासाठी त्याग करून घेतला आणि त्याचं श्रेयही त्याला दिलं.

ऑक्टोबरात फोन आला, जागा झाली आहे, उद्यापर्यंत हो की नाही सांगा. इथे तसाच नियम आहे. वर्ष वर्ष वाट बघणारे असतात, आमचं लवकर झालं. नशीब काढलंत, असं मंडळातल्या एकीने फोनवर सांगितलं. मी एका दिवसात त्याचे कपडे भरले, प्रत्येकावर नावाची पट्टी शिवली. जायच्या दिवशी गाडीत तो एकदाही काही म्हणाला नाही. मीच बोलत होते, त्याच्याही वतीने. बघ, झाडं कशी लाल झाली आहेत. हो गं, सुंदर आहेत. असं.

मला वाटलं होतं, आता झोप येईल. आली नाही. गेली तीन वर्षं मी रात्री अंथरुणावर पडते आणि ते वाक्य मनात इंग्रजीत सुरू होतं. मुलगी फोनवर धीर द्यायला म्हणते, “आई, बाबा सेड येस हिमसेल्फ. मोस्ट फॅमिलीज डोन्ट गेट दॅट.” तिने ते वाक्य तिच्या मैत्रिणींना सांगितलं आहे, तिच्या मुलांना सांगितलं आहे. आता ते आमच्या घराण्याचं झालं आहे. नातू मोठा होईल आणि आजोबांची गोष्ट म्हणून हेच सांगेल.

यंदा तिच्या डोक्यात आलं आहे की बाबांचं पुस्तक छापायचं. म्हणून मी जुलैपासून हस्तलिखित टाइप करते आहे. मास्तरच्या शेवटच्या चित्रपटापर्यंत आले. तो त्याने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काढला, सात माणसांना घेऊन, स्वतःच्या गावी, भाताच्या वाफ्यांत. वितरक मिळाला नाही. गावातल्या शाळेत पांढऱ्या चादरीवर दाखवला तेवढाच. पुढे अरविंदचं प्रकरण तुटतं. नुसती टिपणं आहेत: ‘आवाज?’, ‘बायको आजारी’, ‘मूकच ठेवला असावा?’ मुलगी म्हणाली, यू नो हाऊ ही थिंक्स, आई, यू कॅन फिनिश इट. मी बोटं कीबोर्डवर ठेवली. त्याची वाक्यं कशी लांबतात, कुठे ‘अर्थात’ येतं, कुठे कंस येतो, मला सगळं ठाऊक आहे. कोणाला पत्ता लागला नसता. पहिलं वाक्य तयारसुद्धा झालं होतं. मी ते लिहिलं नाही. मशीन बंद केलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

परवा देठ काढताना कार्मेलाला मी हे सगळं सांगून टाकलं. का ते माहीत नाही. बहुधा इंग्रजीत सांगायचं होतं म्हणून जमलं. तिने टोमॅटो पिळण्याचं मशीन थांबवलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, तू तरी काय करणार होतीस. सगळे हेच म्हणतील याची मला खात्री आहे आणि म्हणूनच मी सांगत नव्हते. ती म्हणाली, “सो व्हाय आर यू टेलिंग मी? ही इज देअर. ही हॅज इअर्स.” आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

काल दुपारी त्याच्याकडे गेले. अरविंद खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसला होता. तीन वर्षांत तो फार बारीक झाला आहे, आणि आकडेही बारीक झालेत. कधी दिवसभरात दोन-तीनच. मी खुर्ची ओढली. येताना गाडीत जी प्रस्तावना तयार केली होती ती सगळी विसरले आणि एकदम सुरुवात केली. ती बाई घरी आली होती, आठवतं? तिने विचारलं आणि तू आकडे म्हणालास. मी तिला सांगितलं, तू हो म्हणतोयस. तू तसं म्हणाला होतास की नाही, मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. मला झोपायचं होतं, अरविंद. मला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं म्हणून मी तुझं तोंड वापरलं.

तो ऐकत होता. मी म्हटलं, “आता पुन्हा विचारते. त्या दिवशी तुला यायचं होतं का?”

आणि मी गप्प बसले. हे लिहायला सोपं आहे. त्याच्या ओठांची जरा हालचाल झाली की माझ्या जिभेवर शब्द येत होते, क्षमेचे, प्रेमाचे, हवे तसे, आणि मी ते गिळत होते. कॉरिडॉरमधून औषधांची ट्रॉली गेली. शेजारच्या खोलीतला टीव्ही चालू होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो एकसुद्धा आकडा म्हणाला नाही. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि खूप खालून काहीतरी उचलून आणावं तसं म्हणाला, “नाही.”

साडेतीन वर्षांतला, आकडे सोडून, त्याचा पहिला शब्द. मला वाटत होतं, हे ऐकलं तर मी कोसळेन. कोसळले नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा खोलीत आम्ही दोघं आहोत असं वाटलं. मी त्याला सांगितलं की मला तुला घरी नेता येणार नाही. नेलं तर मी मरेन, असंही सांगितलं, कारण ते खरं आहे. त्यावर तो काही म्हणाला नाही आणि मीही त्याच्या वतीने काही म्हटलं नाही.

मग त्याने डावा हात गादीवर रोवला आणि सरकायला लागला. आधी मला कळेना काय चाललंय. मदतीला उठले तर त्याने मान हलवली. बोटभर, मग आणखी बोटभर, दम खात, असा तो पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर त्याने हात पसरून ठेवला.

मी सँडल काढल्या आणि त्या हातावर डोकं ठेवून आडवी झाले. लगेच झोप लागली. नर्सने खांद्याला धरून हलवलं तेव्हा जेवणाच्या गाड्या फिरायला लागल्या होत्या, दोन तासांहून जास्त झाले होते. अरविंद जागाच होता. त्याचा तो एकुलता एक चांगला हात माझ्या डोक्याखाली पांढरा पडला होता, आणि त्याने तो हलवला नव्हता.